बोअरला पाणी लागलं म्हणून पेढे वाटू नको

गड्या, पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं पाणी आहे ते, खारं निघतं, आधी जिभेला लावून पाहा. पहिल्या वर्षी मीही हरभऱ्याला हौसेनं दिलं होतं. पानांच्या कडा करपल्या, अन् जमीन वाळली तशी इतकी टणक झाली की खुरपं रुतेना.

माती-पाणी दोन्ही तपासून घे. अहवालात नुसता सामू (पीएच) पाहून थांबू नको. ईसी, म्हणजे क्षार किती ते सांगणारी विद्युत वाहकता, आणि विनिमययोग्य सोडियमचा, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा, आकडा पाहा. हे सोडियम १५ टक्क्यांवर गेलं की जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, समज. तिथे जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सोडवतं, पण सुटलेलं सोडियम पावसाच्या पाण्यासोबत वाहून जायला हवं. म्हणून आधी चर काढ, मग जिप्समचा खर्च.

पिकाचं म्हणशील तर कपाशी मातीची ईसी सात-साडेसात (डेसीसायमन प्रति मीटर) होईपर्यंत तग धरते. भात मात्र ३ च्या पुढेच कुरकुरतो, त्यातही रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात जास्त. तुझ्या मामाचं भंडाऱ्याचं धानाचं बियाणं तिकडेच राहू दे! हरभरा जमिनीतल्या ओलीवरच घे. एखादं पाणी द्यायचंच झालं, तर शेततळ्याचं दे.