लिव्हरपूलचे स्थानिक चाहते भारतातल्या चाहत्यांना आपलं मानतात का?

तुम्ही नाशिकचे, 2005 च्या इस्तंबूलच्या फायनलपासून लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे रात्री साडेबारा-दीडला सुरू होणारे सामने जागून बघता, तरी ऑफिसातला एकजण तुम्हाला ‘प्लास्टिक फॅन’, म्हणजे नकली चाहता, म्हणतो. म्हणून तुम्ही विचारलंय की खुद्द लिव्हरपूलची माणसं तुमच्यासारख्यांकडे कशी बघतात. मी इथे लिव्हरपूलमध्ये नर्स आहे, माहेर कोल्हापूर, मंगळवार पेठ. घर क्लबच्या मैदानाच्या, ॲनफिल्डच्या, इतकं जवळ आहे की गोल झाला की टीव्हीच्या आधी खिडकीतून आवाज येतो. त्यामुळे या प्रश्नावर मला बोलायचंच होतं.

मानतात. सरसकट सगळ्यांना नाही मानत, पण कुणाला मानायचं हे ते पासपोर्ट बघून ठरवत नाहीत.

आधी एक गोष्ट, जी लांबून लक्षात येत नाही. इथली सगळ्यात कडक नजर जवळच्या परक्यांवर असते. मर्सी नदी ओलांडली की विरल आहे, तिथल्या माणसाला इथले ‘वूल’ म्हणतात, म्हणजे गावाबाहेरचा. तो तीन पिढ्या लिव्हरपूलचा असला तरी त्याच्या बोलण्याची चेष्टा होणारच. लंडनच्या आसपासचा कुणी लाल शर्ट घालून आला तर त्याला सरळ विचारतात की तुझ्या घराजवळ डझनभर क्लब असताना तू इथे कसा? जिंकणाऱ्याच्या मागे लागलेला माणूस, हा संशय त्याच्यावर पहिला येतो. आयर्लंडहून रात्रीच्या बोटीने येणाऱ्यांना मात्र कुणी परकं म्हणत नाही, कारण निम्म्या लिव्हरपूलचे पणजोबा त्याच समुद्रावरून आले. नॉर्वेवाल्यांचीही सवय झाली आहे. तिकडे 1969 पासून दर शनिवारी टीव्हीवर इंग्लंडमधला सामना दाखवायचे, त्यातून घरंच्या घरं इंग्लिश क्लबांची झाली. या सगळ्या उतरंडीत भारतातून आलेल्या माणसाबद्दल पहिली भावना कुतूहलाची असते. तो सोय म्हणून आलेला नाही, हे उघड असतं.

आमच्या हॉस्पिटलमध्ये एक पोर्टर आहेत, पेशंटना स्ट्रेचरवरून इकडून तिकडे नेणारे, निवृत्तीला टेकलेले. ॲनफिल्डच्या कॉप या स्टँडमध्ये त्यांचं सिझन तिकीट आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. मी लिव्हरपूलची म्हटल्यावर त्यांनी मला खेळाडूंची नावं विचारली नाहीत, किती ट्रॉफ्या विचारल्या नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न होता, “तुझ्या गावात टीम नाही का?”

नाशिकचं मला माहीत नाही, पण कोल्हापूरकराला हा प्रश्न विचारला की पुढचा तास गेलाच. मी त्यांना पेठा सांगितल्या, तालमी सांगितल्या. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा, पण आमच्याकडे तिचीच फुटबॉल टीम असते, हे ऐकून ते खुर्ची ओढून बसले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामना असला की घराघरांत काय वातावरण असतं ते सांगितलं. माझा भाऊ तालमीकडून खेळायचा, आणि हरून आला की आई त्याच्याशी सामन्याबद्दल अवाक्षर काढायची नाही, हेही सांगितलं. मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गच्च भरलेल्या पायऱ्या, ढोल-ताशे, मैदानावर धूळ. त्यांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, “यात तुमची बाजू कुठली?” त्यानंतर त्यांच्या लेखी मी ‘फुटबॉलमधली’ झाले. तुम्हीही नाशिकमध्ये एखाद्या स्थानिक टीमचे सामने बघायला जात असाल तर इथे आल्यावर तेच आधी सांगा. ज्याला स्वतःच्या पेठेचं वेड कळतं, त्याला आपलं वेड समजावून सांगायला लागत नाही, असं इथली जुनी माणसं धरून चालतात.

कॉप म्हणजे गोलामागचा तो प्रसिद्ध स्टँड. त्याचं नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप नावाच्या टेकडीवरून आलंय. जानेवारी 1900 मध्ये तिथे लढाई झाली, तीत लँकेशायर आणि लिव्हरपूलकडचे पुष्कळ सैनिक मारले गेले, आणि 1906 मध्ये उभारलेल्या स्टँडला त्यांच्या आठवणीत ते नाव मिळालं. त्याच लढाईत जखमींना स्ट्रेचरवर घालून वाहून आणणाऱ्या भारतीयांच्या पथकात गांधीजी होते. हे मी त्या पोर्टरना सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर त्यांनी ते सांगून टाकलं होतं. तुमचा-आमचा त्या स्टँडशी संबंध टीव्हीच्या फार आधीचा आहे, हे मला मनापासून आवडतं.

आता राग कशाचा येतो ते सांगते, कारण येतो, आणि तो खोटा नाही.

कॉपमध्ये शेजारचे कुणी आले नाहीत की त्यांची सीट अधूनमधून मला मिळते. सामन्याआधी सगळे गळ्यातले स्कार्फ दोन्ही हातांनी वर धरून गातात. त्या दोन-तीन मिनिटांत पाहुणा कोण हे सगळ्यांना कळतं, कारण त्याच्या हातात स्कार्फऐवजी फोन असतो. एकदा पुढच्या रांगेत एक मुलगा गाणं संपलं तरी रेकॉर्ड करत राहिला, मग कॉर्नर रेकॉर्ड केला, मग पाठ मैदानाकडे करून स्वतःला. मागचे एक काका वाकून त्याला म्हणाले, “बाळा, बॉल तिकडे आहे.” आवाजात ओरडणं नव्हतं, पण मुलगा लाल झाला, फोन खिशात गेला. उत्तरार्धात तो गायला लागला, शब्द चुकत होते, तर त्याच काकांनी त्याला पुढची ओळ आधी सांगून सांगून गाऊन घेतली. जकार्ताहून आला होता. सामना संपल्यावर दोघांनी हात मिळवले.

याशिवाय अर्धा स्कार्फ आपल्या टीमचा आणि अर्धा समोरच्या टीमचा, असं जे बाहेर विकायला असतं, ते घेऊ नका. ते बघून इथल्या लोकांचं डोकं फिरतं.

पण खरा सल पैशाचा आहे. ॲनफिल्डच्या आजूबाजूची वस्ती गरीब आहे. मेन स्टँड वाढवायचा म्हणून शेजारच्या गल्ल्यांतली घरं वर्षानुवर्षं फळ्या ठोकून बंद पडलेली लोकांनी बघितली. त्याच गल्लीतल्या पोराला आज सिझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत नंबर लागेपर्यंत अर्धं आयुष्य जातं. आणि लांबून आलेला पाहुणा एकाच सामन्यासाठी शेकडो पाउंडांचं हॉस्पिटॅलिटी पॅकेज, म्हणजे जेवणाखाण्यासकट तिकीट, घेतो, दुकानातून पिशव्या भरून नेतो. क्लबच्या हिशोबात तो पाहुणा जास्त फायद्याचा. शनिवारी दुपारी 3 चे सामने तर इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवायलाच बंदी आहे, पावणेतीन ते सव्वापाच. म्हणजे ज्या सामन्याचा आवाज माझ्या खिडकीत येतो तो मी घरी बघू शकत नाही, आणि तुम्ही नाशिकला सोफ्यावर बसून बघता! हे मी जेव्हा जेव्हा इथल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना धक्का बसतो.

2008 मध्ये प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगने, नेहमीच्या 38 सामन्यांवर एक 39 वा सामना परदेशात खेळवायची कल्पना काढली होती, ती लोकांनी हाणून पाडली. 2021 च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग काढायचं प्रकरण झालं तेव्हा त्यामागच्या मंडळींच्या बोलण्यात गावातल्या चाहत्यांचा उल्लेख ‘जुन्या वारशाचे चाहते’ आणि तुमच्यासारख्यांचा ‘भविष्यातले चाहते’ असा होत असल्याच्या बातम्या आल्या. ते शब्द इथे कुणी विसरलेलं नाही. दोन दिवसांत सगळ्या इंग्लिश क्लबांना माघार घ्यावी लागली, पण आपल्याला हटवायला आपल्याच लाल शर्टातल्या लांबच्या माणसाचा वापर होतोय, ही जाणीव मनात राहिली. 2022 पासूनच्या तीन वर्षांच्या करारांत तर प्रीमियर लीगला परदेशातल्या टीव्ही हक्कांचे पैसे देशातल्यापेक्षा जास्त मिळाले. त्यात तुमच्या दरमहाच्या वर्गणीचाही वाटा आहे. तुमचा काही गुन्हा नाही यात. मात्र इथला माणूस जेव्हा ‘टूरिस्ट’ म्हणून चिडतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हे सगळं असतं.

म्हणूनच लांबचा चाहता कुणाच्या बाजूने उभा राहतो, याला इथे फार किंमत आहे. 6 फेब्रुवारी 2016 ला सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात हजारो लोक 77 व्या मिनिटाला उठून चालते झाले, कारण क्लबने नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट 77 पाउंड ठरवलं होतं. तेव्हा लिव्हरपूल 2-0 ने पुढे होतं, सामना संपला 2-2. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. त्या आठवड्यात इंटरनेटवर बाहेरच्या देशांतले काहीजण लिहीत होते की 77 पाउंड म्हणजे काहीच नाही, तुम्हाला नको तर आम्हाला द्या. ती वाक्यं माझ्या ओळखीतल्या लोकांना अजून पाठ आहेत. तुम्ही विचारलंत ना, नापसंत कोण? हे लोक.

याच्या उलट उदाहरण 2010 चं. तेव्हाच्या दोन अमेरिकन मालकांनी क्लब कर्जात बुडवत आणला होता आणि ते नवं कर्ज शोधत होते. स्थानिक चाहते मोर्चे काढत होते, 2008 मध्ये स्थापन झालेली ‘स्पिरिट ऑफ शँकली’ ही संघटना पुढे होती, आणि जगभरातल्या चाहत्यांनी कर्ज देऊ पाहणाऱ्या वित्तसंस्थांकडे ईमेलचा पाऊस पाडला. ऑक्टोबरमध्ये मालक गेले. मोर्चाला येऊ न शकणारी माणसं काय करू शकतात ते त्या वेळी गावाने बघितलं. पोर्टरकाका अजूनही सांगतात की त्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा वाटलं, हे लांबचे लोक आपले आहेत.

आणि हिल्सबरो. 15 एप्रिल 1989, शेफिल्ड, एफए कपचा सेमीफायनल. चेंगराचेंगरीत माणसं गेली, एकूण 97. त्यातले शेवटचे त्या दिवशीच्या इजांमुळे 2021 मध्ये वारले. चार दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर चाहत्यांवरच खोटे आरोप छापले. 2016 मध्ये ज्यूरीने स्पष्ट सांगितलं की दोष चाहत्यांचा नव्हता, मृत्यू बेकायदेशीर होते. सत्तावीस वर्षं लागली त्याला. इथे तो पेपर आजही बहुतेक दुकानांत मिळत नाही, आणि शहरातल्या दुसऱ्या क्लबचे, एव्हर्टनचे, चाहतेही तो घेत नाहीत. माझ्या वॉर्डात असे पेशंट येतात ज्यांचा भाऊ, मैत्रीण तिथे गेली. लांबचा चाहता त्या पेपरची बातमी ‘ट्रान्सफरची खबर’ म्हणून शेअर करतो तेव्हा त्याला कल्पनाही नसते की कुणाच्या जखमेवर हात पडतोय. तुम्ही ती लिंक कधी पुढे पाठवू नका आणि दुसऱ्यांनाही सांगा. इथल्या माणसाला तुमच्याकडून एकच गोष्ट मागायला सांगितली तर तो बहुधा हीच मागेल.

एव्हर्टनचं नाव निघालंच म्हणून सांगते. लांबच्या चाहत्यांवरून आम्हाला सगळ्यात जास्त टोमणे तेच मारतात. 2002 मध्ये डेव्हिड मोयस त्यांचे मॅनेजर झाले तेव्हा एव्हर्टन हा मर्सीसाइडमधल्या ‘लोकांचा क्लब’ आहे असं म्हणाले. अर्थ असा की गल्लीतली माणसं आमच्याकडे, नॉर्वेची विमानं तुमच्याकडे. त्यावर लिव्हरपूलवाला तुमची बाजू घेतो, हे मी कानांनी ऐकलंय. ज्या क्लबला घडवलं शँकली या स्कॉटिश माणसाने, ज्याच्या जर्मन मॅनेजरला, क्लॉपला, शहराने 2022 मध्ये मानद नागरिकत्व दिलं, ज्या स्टँडमध्ये इजिप्तच्या सालाहसाठी गाणी रचली गेली, तिथे बाहेरचा म्हणून कुणाला हाकलायचं?

तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थाने इथे येऊन ‘प्लास्टिक’ हा शब्द वापरून बघावा. मध्यरात्री जागून सामना बघता आणि सकाळी नऊला कामाला जाता, हे मी इथे सांगितलं तेव्हा एकही माणूस हसला नाही. रात्रपाळी करणाऱ्या लोकांचं गाव आहे हे, गोदीतल्या कामगारांचं. झोप मोडणं म्हणजे काय ते त्यांना कळतं.

कधी येणार असाल तर दलालाकडून तिकीट घेऊ नका. तसली तिकिटं क्लब रद्द करतो आणि गेटवरून परत फिरावं लागतं. क्लबचं सभासदत्व वेळेत घ्या, सोडतीत नाव घाला, आणि मोठ्या सामन्यांचा हट्ट धरू नका, लीग कपच्या सुरुवातीच्या फेरीचा बुधवार रात्रीचा सामना चालेल. गर्दी जास्त गावातली असते. स्टेडियमपाशी हिल्सबरोचं स्मारक आहे, तिथे आधी जा. बाहेर ‘फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स’चे लोक धान्य गोळा करत उभे असतात. 2015 मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या चाहत्यांनी मिळून हे सुरू केलं. त्यांच्या पेटीत तांदळाची एक पिशवी टाका आणि नाशिकहून आलोय म्हणून सांगा. पुढचा अर्धा तास ते तुम्हाला सोडणार नाहीत, तेव्हा सामन्याच्या बरंच आधी पोचा.