न आलेला अंक वेळेत कळावा म्हणून : कोहामधील नियतकालिकांची व्यवस्था

हिंगणा मार्गावरील आपल्या महाविद्यालयात कोहा ही ग्रंथालयाच्या कामाची संगणक प्रणाली बसवून पुस्तकांच्या नोंदी पूर्ण झाल्या आहेत, परंतु सुमारे ८० नियतकालिके अजून कार्डेक्सवरच, म्हणजे प्रत्येक अंकासाठी चौकोन आखलेल्या नोंदकार्डांवरच आहेत. चाचणीसाठी काही नियतकालिके संगणकावर घेतली, तेव्हा निम्म्याहून अधिक अंक 'लेट' दिसू लागले आणि दिवाळी अंकांनंतरचे सगळे क्रमांक चुकत गेले, असे आपण लिहिले आहे. जुन्या बांधीव खंडांचे काय करावे, हेही आपण विचारले आहे. नागपुरातच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी हे सर्व काम केलेले असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आलेल्या अंकाची नोंद कार्डेक्सही चांगलीच ठेवत होते. संगणकाकडून आपल्याला हवी आहे ती न आलेल्या अंकाची सूचना, आणि तीही मागणी करण्याची मुदत संपण्यापूर्वी. आमच्याकडे एका मासिकाचे अंक मार्चमध्ये नागपुरातल्या महाल भागातील बाइंडरकडे पाठवण्यासाठी क्रमाने लावत असताना ऑगस्टचा अंक नसल्याचे लक्षात आले. कार्ड काढून पाहिले, तर आठवा चौकोन कोरा होता आणि सप्टेंबरपासून पुढे प्रत्येक चौकोनात तारीख व्यवस्थित लिहिलेली होती. तो कोरा चौकोन सात महिने आमच्या डोळ्यांसमोर होता, पण एकालाही तो दिसला नाही. प्रकाशकांना पत्र पाठवले, तेव्हा मागील अंक शिल्लक नसल्याचे उत्तर आले. तो खंड आजही अपुरा आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर 'अंक ८ नाही' अशी पेन्सिलीने लिहिलेली ओळ आहे. कोहातील प्रत्येक रकाना भरताना या एका ओळीची मला आठवण होते.

आता क्रमांकांविषयी. 'सिरियल्स' विभागात वर्गणीची नोंद करताना अंक किती दिवसांनी निघतो आणि त्याचे क्रमांक कसे बदलतात, या दोन गोष्टी कोहाला स्वतंत्रपणे सांगाव्या लागतात, आणि बहुतेकांची चूक दुसऱ्या गोष्टीत होते. 'करंट सायन्स'चे उदाहरण घेऊ. बंगळूरूहून निघणारे हे पाक्षिक दर महिन्याच्या १० आणि २५ तारखेचे असते, म्हणजे वर्षाला २४ अंक. परंतु त्याचे वर्षाला दोन खंड होतात आणि प्रत्येक खंडात १२ अंक असतात. येथे वर्ष बदलले की खंड बदलतो असे गृहीत धरणारा तयार नमुना निवडला, तर जुलैपासून सर्व क्रमांक चुकतात. खंडाच्या रकान्यात 'दर १२ अंकांनंतर १ वाढवा' आणि अंकाच्या रकान्यात 'दर अंकाला १ वाढवा, १२ च्या पुढे गेल्यास पुन्हा १ करा' असे सांगावे लागते. त्याचबरोबर 'इनर काउंटर' नावाचा एक छोटा रकाना असतो, त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपली वर्गणी १० एप्रिलच्या, म्हणजे खंडातील सातव्या अंकापासून सुरू होत असेल, तर सहा अंक आधीच होऊन गेले आहेत हे कोहाला कळण्यासाठी खंडाच्या 'इनर काउंटर'मध्ये ६ लिहावे लागतात. ते न लिहिल्यास कोहा एप्रिलपासून बारा अंक मोजते आणि खंड जुलैऐवजी ऑक्टोबरमध्ये बदलते. नोंद जतन करण्यापूर्वी 'टेस्ट प्रेडिक्शन पॅटर्न'वर क्लिक करून संपूर्ण वर्षाचे भाकीत पडद्यावर काढावे आणि मागील वर्षाच्या प्रत्यक्ष अंकांच्या मुखपृष्ठांशी ते ओळीने ताडून पाहावे. यासाठी प्रत्येक नियतकालिकामागे पाच-दहा मिनिटे जातात, पण ती द्यावीच असा माझा आग्रह आहे, कारण भाकीत चुकले तर पुढची सारी मेहनत चुकीच्या पायावर उभी राहते.

निम्मे अंक 'लेट' का दिसतात, याचे उत्तर सोपे आहे. अंकावर छापलेली तारीख आणि तो अंक नागपुरात आपल्या टेबलावर पोहोचण्याची तारीख या दोन्हींत अंतर असते. पुणे-मुंबईची मासिके साध्या टपालाने येतात, काही नियतकालिके मुळातच उशिरा छापली जातात, आणि विद्यापीठीय त्रैमासिकांचा मार्चचा अंक जूनमध्ये येणे आपल्याला नवीन नाही. म्हणून वर्गणीच्या नोंदीत 'ग्रेस पीरियड', म्हणजे अंक 'लेट' ठरण्यापूर्वी द्यायची दिवसांची सवलत असते. सर्वांसाठी सरसकट १५ किंवा ३० दिवस न लिहिता प्रत्येक नियतकालिकासाठी हा आकडा वेगळा ठरवावा. तो कोठून आणायचा, तर आपल्या कार्डेक्समधूनच. मागील दोन वर्षांत प्रत्येक अंक कोणत्या तारखेला आला, हे त्या चौकोनांत लिहिलेलेच आहे. त्यावरून त्या नियतकालिकाला नेहमी किती दिवस लागतात ते काढावे आणि त्यात आठवडाभर मिळवावा. म्हणून संगणकीकरण झाले की कार्डेक्स रद्दीत काढण्याची घाई कृपया करू नये. आणखी एक गोष्ट अशी की, मुदत उलटलेले अंक आपोआप 'लेट' व्हावेत यासाठी सर्व्हरवर 'सिरियल्स अपडेट' हे क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणारे) काम रोज चालणे आवश्यक असते. ज्यांनी कोहा बसवून दिले, त्यांच्याकडून ते सुरू असल्याची खात्री करून घ्यावी.

दिवाळी अंकांचा प्रश्न मात्र खास आपला आहे. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा आपण जपत आलो आहोत, आणि कोहासारख्या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या प्रणालीच्या तयार नमुन्यांत तिला जागा नाही. शिवाय दिवाळीची तारीख इंग्रजी महिन्यांतून सरकत राहते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ मध्ये ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उलटताच दिवाळी आली. म्हणून एखाद्या मासिकाचा जोडअंक एका वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, तर दुसऱ्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरचा असू शकतो. येथे आधी पाहावे की, दिवाळी अंक नेहमीच्या अंकाच्या जागी निघतो की त्याशिवाय जादा निघतो. जागी निघत असेल, तर भाकिताच्या तक्त्यात वगळला जाणारा महिना 'प्रकाशित होत नाही' असा खुणावून ठेवावा आणि अंक आल्यावर क्रमांकाच्या जागी 'ऑक्टोबर-नोव्हेंबर, दिवाळी अंक' असे स्वतः लिहावे. जादा निघत असेल, तर अंक आवक करण्याच्या पानावर खाली 'सप्लिमेंटल इश्यू'ची सोय आहे, तेथे त्याची नोंद केल्यास पुढील क्रमांकांना धक्का लागत नाही. आपले क्रमांक बिघडले, ते बहुधा जादा अंक नेहमीच्या अंकाच्या ओळीत आवक केल्यामुळे. साप्ताहिकांच्या जोडअंकांनाही हाच नियम लावावा.

स्मरणपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. 'क्लेम्स'चे, म्हणजे न आलेल्या अंकांच्या मागणीचे पान पुरवठादारानुसार चालते. त्यामुळे प्रत्येक वर्गणीला पुरवठादार जोडलेला आणि उशिराच्या अंकांसाठी कोणाशी संपर्क साधायचा ते त्याच्या नोंदीत खुणावलेले नसेल, तर पत्र जाणार नाही. पत्राचा मसुदा मराठीत एकदा तयार करून ठेवावा. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी हे पान उघडण्याची पद्धत आहे, आणि ते काम एकाच व्यक्तीकडे नावानिशी दिलेले आहे. त्याचबरोबर अंक ज्या दिवशी आला, त्याच दिवशी तो आवक झाला पाहिजे, हा नियम कडक ठेवावा. टेबलावर गठ्ठा साठू दिला, तर आलेले अंकही उशिराच्या यादीत जातात आणि मग त्या यादीवर कोणाचाच विश्वास राहत नाही.

वर्गणी बहुतेक जानेवारी ते डिसेंबर अशी असते आणि आपले अंदाजपत्रक एप्रिल ते मार्च असे असते. त्यामुळे नूतनीकरणाची यादी 'चेक एक्स्पायरेशन'मधून सप्टेंबरमध्येच काढून ग्रंथालय समितीपुढे ठेवावी. दरवर्षी नवी नोंद न करता जुनी वर्गणीच 'रिन्यू' करावी, म्हणजे सलग इतिहास एकाच ठिकाणी राहतो. पुरवठादार बदलला, तर मात्र त्याच शीर्षकाखाली नवी वर्गणी करून जुनी बंद करणे मला अधिक योग्य वाटते, कारण जुन्या देयकांची चौकशी लेखापरीक्षणात हमखास होते.

जुन्या बांधीव खंडांसाठी प्रत्येक अंकाची मागील तारखेने आवक करू नये. त्या कष्टाचा कोणालाही उपयोग होत नाही. वर्गणीत 'मॅन्युअल हिस्टरी' सुरू करून कोणते खंड आहेत आणि कोणते अंक नाहीत, ते लिहावे, किंवा मार्क नोंदीतील (ग्रंथसूचीच्या प्रमाण संगणकीय नमुन्यातील) ८६६ क्षेत्रात तेच विधान द्यावे, आणि बारकोड फक्त बांधीव खंडाला लावावा. नाव बदललेल्या नियतकालिकांच्या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात आणि ७८० व ७८५ या क्षेत्रांनी त्या जोडाव्यात. 'इकॉनॉमिक वीकली' आणि १९६६ पासूनचे 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' यांचे खंड आपल्याकडे असतील, तर अभ्यासकाला या जोडणीनेच दोन्ही सापडतील. मराठी शीर्षके देवनागरीतच लिहावीत, परंतु २४६ क्षेत्रात रोमन रूपही द्यावे, कारण विद्यार्थी बहुतेक वेळा तसेच शोधतात.

'हितवाद', 'तरुण भारत', 'लोकमत' यांसारखी दैनिके मी या विभागात घेत नाही. वर्षाला साडेतीनशेहून अधिक ओळी आवक करण्यापेक्षा पेपरवाल्याच्या बिलाशी ताडण्यासाठी साधी वही पुरते.

आपल्या चाचणीतील बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करत बसण्याऐवजी त्या काढून टाकाव्यात. जानेवारीपासून सुरू होणारी, नियमित येणारी दहा मासिके प्रथम घ्यावीत आणि तीन महिने कार्डेक्स व कोहा दोन्ही चालवून दर महिनाअखेरीस दोन्हीतील न आलेले अंक एकमेकांशी ताडावेत. दोन्ही याद्या सारख्या निघू लागल्या की पाक्षिके, साप्ताहिके आणि सर्वांत शेवटी त्रैमासिके, या क्रमाने पुढे जावे.