विचारा की! तालमीतला गडी लाटेवर टिकंल काय?

प्रश्न: मी २६ वर्षांचा, रोज तालमीत जातोय, जोर-बैठका चालू आहेत, विहिरीत पोहायला पण येतंय. डिसेंबरात मित्रांबरोबर गोव्याला सर्फिंग शिकायला जायचं म्हटलं तर घरचे हसूलालेत. हातात दोन महिने आहेत, तयारी काय करू? बोर्डवर उभं राहायला किती दिवस लागतात?
– एक वाचक, खानापूर

हसू देत की. पण भावा, सगळे उभं राहायचंच विचारतात बघ, आणि तिथं गेल्यावर कळतंय की तासभर पाण्यात असलास तर उभा राहणार सगळं मिळून मिनिटभर, तेही नशीब असलं तर, बाकीचा सगळा वेळ बोर्डवर पालथं पडून हातानं पाणी मारत बसायचं, त्यालाच पॅडलिंग म्हणतात. मी पहिल्यांदा गोव्यात आश्व्याला सर्फिंगला गेलो तेव्हा मला पण वाटलेलं, आपल्याला काय होतंय, रोजचे शंभर जोर आहेत. अर्ध्या तासात खांदे गेले. परत येताना चोर्ला घाट चढून कणकुंबीला चहाला थांबलो तर ग्लास उचलायला दोन हात लावले, आणि गाडी पुढं मित्रानंच चालवली.

कारण सोपं आहे, जोर मारताना आपण ढकलतो, पॅडलिंगमध्ये ओढायचं असतंय. तालमीत दोर असंल तर चढ, घरी विहिरीचं पाणी शेंदत असाल तर ते काम दोन महिने तुझ्याकडं घे, आई पण हसायची थांबंल. शिवाय बोर्डवर छाती वर धरून पडायचं असतंय, त्यात कंबर आणि मान भरून येते, म्हणून भुजंगासन आणि शलभासन, एका वेळी ३० सेकंद, चार-पाच वेळा. झटके देऊ नको.

पोहण्याचं म्हणशील तर विहिरीत दम धरायला येतो, तोंडात पाणी गेलं तरी घाबरायला होत नाही, लाटेखाली गेल्यावर हेच कामाला येतंय. पण विहिरीत चार हात मारले की कठडा, लांबचं पोहणं होतच नाही. आठवड्यातनं तीनदा बेळगावला येऊन स्विमिंग पूलमध्ये फ्रीस्टाइल मार, न थांबता २०० मीटर जमायला लागलं की मग जा. आणि एक विहिरीची सवय मात्र इथंच सोडून जा, ती म्हणजे सूर मारायची. शिकणाऱ्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं करतात, खाली वाळू, डोक्यावर पडलास तर मान मोडंल. पडायचं ते पाठीवर नाहीतर कुशीवर, आडवं, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण बोर्ड दोरीनं पायाला बांधलेला असतोय, त्या दोरीला लीश म्हणतात, ती ताणली की बोर्ड उलटा तुझ्याकडंच येतोय. बोर्ड कधीच लाट आणि आपण यांच्या मध्ये धरायचा नाही, लाट तो थेट छातीवर आणून घालते.

आता उभं राहणं, म्हणजे पॉप-अप. घरात फरशीवर खडूनं एक सरळ रेघ मार, ती बोर्डची मधली रेघ समज. पालथा पड, तळवे बरगड्यांजवळ सपाट ठेव, कडा पकडायच्या नाहीत. हातांवर छाती उचल आणि पाय एका दमात खाली आणून रेघेवर आडवा उभा राहा, गुडघे वाकलेले, नजर समोर. कुस्तीचा पवित्राच की. कुठला पाय पुढं ते ठरवायला मित्राला मागनं न सांगता ढकलायला सांग, जो पाय आपोआप पुढं पडतोय तो पुढचा. रोज १० चे तीन सेट. पाय टेकताना धप्प आवाज आला तर चुकलं, पाण्यात तेवढ्यानं बोर्ड डगमगतोय. आणि पायाकडं बघायचं नाही, मी बघायचो, प्रत्येक वेळी पडायचो.

बोर्ड ८-९ फुटी, वरनं मऊ फोमचा माग, छोटा स्टायलिश नको. पालथं पडल्यावर टोक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहिलं पाहिजे. फार पुढं सरकलास तर टोक पाण्यात घुसून कोलांटी, फार मागं राहिलास तर लाट खालनं निघून जाते. अंगात फुल बाह्यांचा टाइट टीशर्ट घाल, नाहीतर पोट-छाती सोलून निघंल.

दिवसांचं म्हणशील तर फुटलेल्या पांढऱ्या लाटेवर पहिल्या दोन-तीन दिवसांत बरेच जण उभे राहतात. न फुटलेली लाट स्वतः पॅडल करून पकडणं वेगळं, त्याला महिने जातात.

प्रश्न: माझं वय ४७, गुडघे जरा कुरकुरतात. मुलगी मंगळूरजवळ मुल्कीला सर्फिंग शिकून आली, आता मलापण चल म्हणते. शक्य आहे का?
– एक वाचक, निपाणी

आहे की ताई, जावा. मुल्कीला सर्फिंग बऱ्याच वर्षांपासून शिकवतात, चांगली जागा आहे. एका उडीत उठायचा हट्ट धरू नका. आधी मागचा पाय टेका, मग पुढचा हातांच्या मध्ये आणा, मग सावकाश उठा, इन्स्ट्रक्टरला तसंच शिकवायला सांगा. खांदा पूर्वी निखळला असंल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरना विचारूनच. आणि बोर्डवर नुसतं पालथं पडून लाटेवर किनाऱ्यापर्यंत आलात तरी काय मजा येते म्हणून सांगू, मी अजून कधी कधी तेवढंच करतो.

प्रश्न: जुलैत सुट्टी मिळते, गोव्यात हरमलला जाऊ का सर्फिंग शिकायला?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतोय, किनाऱ्यावर लाल बावटे असतात. ऑक्टोबर उलटल्यावर मेपर्यंत कधीही जा. तेव्हा पण पाणी आत ओढायला लागलं तर ओढीच्या विरुद्ध किनाऱ्याकडं झगडायचं नाही, बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर आडवं जायचं, ओढ संपली की मग वळायचं. जमत नसंल तर बोर्डवर पडून हात हलवून लाइफगार्डला बोलवायचं. जुलैत सुट्टी आहेच तर पूलला जा.