गावात पाहुणे येतायत, दाखवायचं काय?

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जेमतेम दीडशे घरांचं. डिसेंबरअखेर पुण्याहून बहीण, जावई आणि त्यांचे स्नेही असे आठ जण दोन दिवसांसाठी येणार आहेत. हुरडा खायचा म्हणतात. गावात ना किल्ला, ना धबधबा. बाकी काय दाखवावं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

हुरड्याचं आजच बघा, कारण फसतो तो हाच बेत. सोयाबीन आल्यापासून बऱ्याच गावांत ज्वारी नावापुरती उरली आहे. डिसेंबरअखेर हुरड्यात येणारी ज्वारी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पेरलेली असावी लागते. तेव्हा अशी ज्वारी कोणाच्या वावरात उभी आहे ते शोधा आणि मालकाशी बोलून दोन-तीन तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, राखून ठेवा. तिच्यावर फवारणी झाली आहे का, तेही विचारा; झाली असेल तर दुसरं वावर बघा.

पाहुणे येण्याच्या चार दिवस आधी दाणा नखानं दाबून पाहा. पांढरं दूध उडालं तर तो अजून चिकात आहे. दाणा हिरवट, मऊ आणि दाबला की लोण्यासारखा पसरला, तर हुरडा झाला. नख रुतत नसेल तर वेळ गेली. ही अवस्था आठ-दहा दिवसच टिकते. गुळभेंडीसारखं हुरड्याचंच वाण मिळालं तर उत्तम. त्याचा दाणा गोड असतो आणि कणसातून सहज सुटतो.

माणशी चार-पाच कणसं धरा, म्हणजे आठ जणांना चाळीस पुरतील. ती आदल्या दिवशी कापून ठेवू नका. कापलेल्या कणसातली गोडी उतरते आणि दाणा चिवट होतो. वावरात वीतभर खोल, हातभर रुंद खड्डा करा आणि त्यात वीसेक कोरड्या गोवऱ्या रचून अर्धा-पाऊण तास आधी पेटवा. ज्वाळ पूर्ण बसू द्या. पाहुणे घाई करतात आणि जाळावरच कणसं धरतात. मग वरून कोळसा, आत कच्चं. ओल्या गोवऱ्यांचा धूर दाण्याला लागला तर तो वासही जात नाही. चार-पाच कणसं निखाऱ्यात खुपसा, वरून थोडी आच ओढा आणि फिरवत तीन-चार मिनिटं भाजा. गरम असतानाच स्वच्छ पोत्यावर चोळा. गार कणीस दाणा सोडत नाही. मग सुपात पाखडा. चोळायला हाताला सवय असलेलं माणूस हवं, नाहीतर पाहुण्यांच्या तळव्यांना फोड येतात. सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. शेवेची पाकिटं कशाला उघडतात, ते एक कोडंच आहे.

हुरडा दुपारी चारनंतर ठेवा आणि रोडगे दुसऱ्या दिवशी जेवायला. एकाच दिवशी दोन्ही केलं तर रोडगे उरतात. आठ जणांना दीड किलो जाडसर दळलेली कणीक घ्या. त्यात मीठ, ओवा आणि वाटीभर गरम तेलाचं मोहन घालून पुरीच्या कणकेहूनही घट्ट भिजवा. छोट्या चार-पाच पुऱ्या लाटून मध्ये तेलाचं बोट फिरवत एकावर एक ठेवा आणि मोठ्या पुरीत गुंडाळून गोळा बंद करा. निखाऱ्यावर उलटत-पालटत वीस-पंचवीस मिनिटं भाजा, मग तेवढाच वेळ गरम राखेत पुरा. राखेतला वेळ चुकवला की आत पीठ लागतं. कणीक सैल झाली तर गोळा फाटून राख आत जाते. बाहेर काढून फडक्यानं झटका, फोडा आणि तूप ओता. सोबत वांग्याची रस्साभाजी आणि तुरीचं वरण. तुरीच्या हिरव्या शेंगा याच दिवसांत असतात. शक्य झालं तर सोल्यांची भाजीही करा.

सकाळी कापूस वेचायला न्या, पण नऊनंतर. दवानं भिजलेला कापूस वेचला की गाठोड्यात तापतो, पिवळा पडतो आणि भाव पाडतो. पूर्ण उमललेलं बोंडच वेचायचं. सुकलेल्या पाल्याचा कचरा रुईला चिकटू द्यायचा नाही. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं सोलतात, हे आधी सांगून ठेवा. कंबरेला ओढणीची ओटी बांधली की तासभर छान जातो. वेचणीची मजुरी किलोवर असते. म्हणून पाहुण्यांना बायांच्या ओळीत घुसवू नका; आणि त्यांनी वेचलेला कापूस त्या वावरातल्या एखाद्या बाईच्या वजनात टाका. इथेही फवारणीची चौकशी हवीच. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले होते.

गावाबाहेर एखादं पडकं हेमाडपंती देऊळ असेल तर ते सकाळी साडेसात-आठला किंवा दुपारी चारनंतर दाखवा. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. दगडांच्या सांध्यात चुना आहे का ते पाहायला सांगा. तो न वापरता दगड एकमेकांत बसवणं, ही या बांधणीची खूण आहे. जवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड, असेल तर तो खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. फोटो नीट यावा म्हणून तेल-पीठ चोळू देऊ नका. आणि गावकरी ऑइलपेंट लावायचा विचार करत असतील तर अडवा. त्याखाली ओल अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

प्रश्न : आमच्या गावात मामा तलाव आहे. हिवाळ्यात मित्रांना पक्षी दाखवायचे आहेत आणि एक झाडीपट्टी नाटकही. दोन्ही एका मुक्कामात जमेल का?
– एक वाचक, जि. गोंदिया

जमेल, पण नाटकानंतरच्या सकाळी पक्षी ठेवू नका. झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, हे नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. हंगाम भाऊबीजेपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. गावात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असेल त्या रात्री नाटक असण्याची शक्यता जास्त. बहुतेक मंडळ्या वडसा, म्हणजे देसाईगंजच्या. कोणत्या गावी कोणता प्रयोग, ते तिथे कळतं. घोंगडी आणि कानटोपी न्या. मंडपात रात्री दोननंतर थंडी झोंबते. रस्ता जंगलातला असेल तर उजाडेपर्यंत मंडपातच थांबा, वाघाच्या मुलखात अंधारात दुचाकी काढू नका.

तलावावर उजाडताच पोचा आणि पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओळीनं चालत गेलात तर बदकं उठून पलीकडे जातात. झाडाआड बसून वाट पाहा. चक्रवाक उघड्या काठावर जोडीनं दिसतात. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी पाणवनस्पतींत असतात. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, हे पाहुण्यांना सांगाच. 1951 साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. त्याआधी ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा होता. मासे हवे असतील तर गळ टाकू नका. मासेमारीचा ठेका बहुधा ढिवरांच्या संस्थेकडे असतो. सकाळी जाळी काठाला लागली की त्यांच्याकडूनच घ्या.

प्रश्न : मे महिन्यात मुंबईची भाचेमंडळी दहा दिवस येतात. उन्हात काय करावं?
– एक वाचक, जि. वाशीम

उन्हात काहीच करू नये. पारा 44-45 ला असताना अकरा ते पाच घरात, कूलरपुढे, कैरीचं पन्हं. बाहेरचं सगळं पहाटे साडेपाच ते साडेआठ. आठवडी बाजारही सकाळीच गाठा. रात्री अंगणात खाटा टाका आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. दहा वाजता आग्नेयेला वृश्चिक आणि त्यातली तांबूस ज्येष्ठा दाखवा. आकाशगंगा नीट पाहायची तर मध्यरात्रीनंतर उठवा. अंगणातला दिवा बंद करून वीस मिनिटं मोबाईल बघू द्यायचा नाही, तरच डोळे सरावतात. विहिरीत पोहण्याचा हट्ट मात्र मे महिन्यात मोडून काढा. पाणी तळाला गेलेलं असतं, पायऱ्या तिथवर पोचत नाहीत आणि वर यायला धरायला काही नसतं.