गाईबैलांची तिकिटं जमवताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गाय, घोडा, कोंबडी, जे दिसेल ते गोळा करू नकोस. गुराढोरांची टपाल तिकिटं जगभर इतकी निघाली आहेत, की अशा संग्रहाला शेंडाबुडखा राहत नाही. भारतातले गाईबैल, एवढंच धर.

सुरुवात 26 जानेवारी 1955च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेपासून कर. तिच्यात 9 पैच्या तिकिटावर विहिरीचं पाणी उपसणारे बैल आहेत आणि 4 आण्यांच्या तिकिटावरही बैलच. दोन्ही नाशिकला छापलेली, रोजच्या टपालाची. म्हणून शिक्का पडलेली आधी शोध. मग 2000 सालचा देशी गोवंशाचा संच घे: गीर, कांकरेज, हळ्ळीकर, कंगायम. नाव बोटाने झाकून जात ओळखून बघ. गीरचं कपाळ फुगीर, कान लांब, लोंबते, पानासारखे मुडपलेले. कांकरेजची शिंगं बाहेर वळून चंद्रकोरीसारखी वर जातात. हे डोळ्यांत बसलं, की तिकिटाशेजारी काय लिहायचं ते विचारावं लागत नाही.

लिफाफ्यावरचं तिकीट ओढून काढलंस तर मागचा कागद सोलवटतो, आणि ते नुकसान कायमचं. भोवती बोटभर कागद ठेवून काप, साध्या पाण्यात 15-20 मिनिटं बुडव. ते आपसूक सुटतं. रंगीत लिफाफ्याचे तुकडे वेगळ्या वाटीत भिजव, नाहीतर त्यांचा रंग बाकीच्यांना लागतो. सुटल्यावर स्वच्छ पाण्यात पुन्हा बुडव. डिंक राहिला तर तिकीट टिपकागदालाच चिकटून बसतं. चित्र खाली करून वाळव आणि किंचित ओलसर असतानाच टिपकागदांत घालून जड पुस्तकाखाली रात्रभर ठेव. वर्तमानपत्र वापरू नकोस, शाई उतरते.

विकत घेताना मागची बाजू आधी बघ. कोपऱ्यात नेटका शिक्का आणि मागे डिंक शाबूत, असं दिसलं तर ते तिकीट पत्रावर गेलेलंच नाही. संग्राहकांसाठी छापखान्यातच शिक्का मारलेलं आहे. अजमान, फुजैरा वगैरे छोट्या आखाती अमिरातींची जनावरांची तिकिटं पुड्यांतून मिळतात, ती बरीचशी अशी. त्यावर पैसे घालवू नकोस.

तिकीट चिमट्यानेच उचल. पावसाळ्यात अल्बम एकावर एक रचू नकोस. दाब आणि दमट हवा मिळून कोऱ्या तिकिटांचा डिंक पानाला धरतो. पुस्तकांसारखे उभे ठेव, भिंतीपासून चार बोटं दूर.