निवृत्तीचे १२ लाख शतावरीत घालावेत का?

आपण ६१व्या वर्षी खासगी नोकरीतून निवृत्त झाला आहात, हाती ३२ लाख रुपये आहेत, निवृत्तिवेतन नाही, आणि जुन्नर तालुक्यातील वडिलोपार्जित दोन एकरांत बायोडायनॅमिक पद्धतीने (रासायनिक खते-औषधे टाळून विशिष्ट सेंद्रिय खते व फवारण्या वापरण्याच्या पद्धतीने) शतावरी व अश्वगंधा लावण्यासाठी त्यातील १२ लाख घालावेत का, असे आपण विचारले आहे. सोबतचे रोपवाटिकेचे अंदाजपत्रक आणि खरेदीहमीचा मसुदा मी वाचला. शेती आपण जरूर करावी. ही रक्कम मात्र तीत घालू नये, असे माझे मत आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि ८.२ टक्के दराने तिच्यावर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळते. १२ लाख शेतीत गेल्यास उरलेल्या २० लाखांवर तिमाहीला ४१,००० रुपयेच, म्हणजे महिन्याला सुमारे १३,७०० रुपये मिळतील, आणि आपण लिहिलेला १८,००० रुपयांचा मासिक घरखर्च त्यात भागणार नाही. शतावरीची मुळे काढणीस येण्यास दीड ते दोन वर्षे लागतात. तोपर्यंतची तूट मुद्दलातूनच भरावी लागेल, आणि अंदाजपत्रकात तिचा उल्लेखही नाही.

प्रमाणपत्राचे गणित याहून अवघड आहे. डीमीटरची, म्हणजे बायोडायनॅमिक मालाच्या प्रमाणपत्राची, मोहर मिळवायची तर आधी सेंद्रिय प्रमाणीकरण लागते, आणि राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार रूपांतरणाचा, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा, काळ हंगामी पिकांना दोन, तर बहुवार्षिक पिकांना तीन वर्षांचा आहे. जमीन पडीक असल्याचा पुरावा दिल्यास तो कमी होऊ शकतो. अन्यथा दोन वर्षांनी निघालेली आपली पहिली शतावरी साध्या मालाच्याच दराने विकली जाईल, आणि अंदाजपत्रकातील उत्पन्न मात्र पहिल्या काढणीपासून प्रमाणित दराने धरले आहे. शेजारच्या द्राक्षबागेतील फवारणीचे तुषार आपल्या शेतात येतात का, हेही प्रमाणीकरणासाठी पाहिले जाईल.

‘बायोडायनॅमिक संच’ या नावाखाली लावलेले १ लाख २० हजार मला पटलेले नाहीत. शिंगखत (गायीच्या शिंगात शेण भरून, ते जमिनीत पुरून केलेले खत) एका फवारणीला एकरी २५ ते ३० ग्रॅमच लागते, आणि गाय असलेला शेतकरी ते स्वतः तयार करू शकतो. अश्वगंधेच्या रोपांसाठीही मोठी रक्कम धरली आहे. हे पीक सहसा बी फोकूनच पेरतात.

म्हणून ३० लाख बचत योजनेत ठेवावेत. उरलेल्या दोन लाखांपैकी सव्वा लाख अडीअडचणीसाठी बँकेत राहू द्यावेत आणि पाऊण लाखात, निचऱ्याच्या हलक्या जमिनीवर, पावसाळ्याच्या उत्तरार्धात अर्धा एकर अश्वगंधा पेरावी. पाच-सहा महिन्यांत मुळे निघतील आणि मजुरी, वाळवणी, प्रतवारी, व्यापाऱ्याचा खरा दर हे सारे कळेल. वाळवलेल्या मुळांच्या विक्रीचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त राहते. चूर्ण करून डबाबंद विकू लागलात की तो व्यवसाय ठरतो आणि परवान्याचाही प्रश्न येतो, त्यामुळे तूर्त त्या वाटेला जाऊ नये.

खरेदीहमीच्या मसुद्यात दर ‘त्या वेळच्या प्रतवारीनुसार कंपनी ठरवील’ असे म्हटले आहे, म्हणजे हमी नावापुरतीच आहे. किमान दर, ओलाव्याची मर्यादा, पैसे देण्याची मुदत आणि माल नाकारल्यास त्रयस्थ प्रयोगशाळेची तपासणी, इतके लेखी मिळत नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नये आणि सहीही करू नये.