जुन्या लॅपटॉपला कोणता वायरलेस माऊस घ्यावा?

तुमचा लॅपटॉप २०१२चा, त्यावर विंडोज ७, आणि दुकानदार म्हणतोय ब्लूटूथवालाच घ्या. अजिबात घेऊ नका. नखाएवढा यूएसबी रिसीव्हर येतो तो साधा २.४ गिगाहर्ट्झचा माऊस घ्या. कंपनी कुठलीही चालेल.

इतकं ठासून सांगते, कारण एका माऊसपायी माझा चांगला चालता लॅपटॉप भंगारात निघाला होता. मी घरी डीटीपी करते. लग्नपत्रिका, देवस्थानची पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे, माझ्याकडे ते विंडोज ७वरच नीट चालतं. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला दादाने ओवाळणीच्या ताटात चांगला भारीतला ब्लूटूथ माऊस ठेवला. जोडायला बसलो तर लॅपटॉपला तो दिसेचना. दादाच्या फोनला मात्र लगेच दिसला. तासभर खटपट करून दादाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "तुझा लॅपटॉप संपलाय, नवा घे." आईने आणि वहिनीनेही मान डोलावली. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण दहा वर्षांच्या फाइली त्यावर होत्या.

लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं. हल्लीचे बहुतेक ब्लूटूथ माऊस 'लो एनर्जी' म्हणजे कमी वीज खाणाऱ्या प्रकारचे असतात. त्यांना ब्लूटूथ ४.० लागतं, आणि ते विंडोज ८पासून पुढेच धड चालतं. माझ्याकडे ब्लूटूथ ३.० होतं. तो माऊस त्याला दिसणारच नव्हता.

मग मी स्वतः जाऊन रिसीव्हरवाला आणला. लावल्या लावल्या चालू झाला, ड्रायव्हरची सीडी नाही की काही नाही. पण मध्येच अडखळायचा. पत्रिकेवरचा गणपती पकडून मधोमध आणायला जावं, तर कर्सर थांबून एकदम पुढे उडी मारायचा. दादा म्हणालाच, "बघ, सांगितलं होतं." दोन दिवसांनी लक्षात आलं की हे फक्त बॅकअपची हार्ड डिस्क जोडली की होतं. रिसीव्हर तिच्या शेजारच्याच निळ्या पोर्टात होता. निळं म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून डेटा धावताना, माऊस ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो, त्याच पट्ट्यात गोंगाट होतो आणि माऊसचा सिग्नल दबतो. इंटेलने २०१२ सालीच हे लेखी मांडलेलं आहे. रिसीव्हर काढून दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टात घातला, तेव्हापासून एकदाही अडखळला नाही. तुमच्याकडे सगळेच पोर्ट निळे असतील तर वीतभर यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून रिसीव्हर जरा लांब न्या.

घेताना रिसीव्हर टाइप-सी नाही ना ते बघा, जुन्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. चार्जिंगवाल्यापेक्षा पेन्सिल सेलवाला बरा, सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. रिसीव्हर हरवू नका, बहुतेक माऊसना दुसऱ्याचा चालत नाही. टेबलावर काच असेल तर खाली पॅड घ्या. आणि हो, तुम्ही विंडोज १० टाकलेलं असेल आणि लॅपटॉपला ब्लूटूथ ४.० असेल, तर दुकानदाराचं म्हणणं चूक नाही.

दादाचा तो माऊस आता वहिनीच्या नव्या लॅपटॉपवर चालतो. आणि पुतण्याच्या मुंजीची पत्रिका गेल्या मे महिन्यात मी याच 'संपलेल्या' लॅपटॉपवर केली, चारशे प्रती.